मोडलेली धार

मये, डिचोली
१४ नोव्हेंबर २०२५

चि. शालिनीस,

गुरुदादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या गंगावहिनीचा गुडघा आहे तसाच आहे. भात कापून झालं. रविवारी तळ्यावर गाड्यांची अशी रीघ लागते की आपल्याच घराकडे यायला वाट मिळत नाही. भावोजी कसे आहेत? तुझी सेजल फोनवर गंगाला सांगत होती, पेज चमच्याने घेतात, पण वाचा अजून आली नाही.

भाऊबीजेला तू आली नाहीस. गंगाने पाट मांडला होता, संध्याकाळी उचलून ठेवला. नवरा इस्पितळात असताना ती कशी येणार, असं म्हणाली. मला मात्र बरंच वाटलं गो. तू ओवाळायला समोर बसली असतीस तर मला मान वर करता आली नसती.

फोनवर मी तुला तीनतीनदा म्हटलं, "भावोजींसारख्या माणसावर असा आळ, देव बघतोय." कुठल्या तोंडाने म्हटलं, ते आता लिहितो. पत्र मध्येच फाडू नकोस.

खाण बंद पडली तेव्हा वर्कशॉपातली माझी टर्नरची तेवीस वर्षं झाली होती. पुढे डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात विशाल भेटला, जुनी नाणी विकणारा. म्हणाला, टाकसाळीत चुकून कड चावल्यासारखी कापली गेलेली नाणी हौशी लोक वाटेल त्या किमतीला घेतात, आणि तुमच्या हातात कसब आहे. मी पाच रुपयांच्या नाण्यांना कानशीने चावे पाडून द्यायला लागलो. गंगाला सांगायचो, पंपाचे पार्ट करतोय.

दोन वर्षांमागे चवथीला तुमच्याकडे आलो होतो. आरती झाली, तू खतखतें वाढत होतीस, आणि भावोजी भिंग घेऊन बसले. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून नाणी हाच त्यांचा जीव. मला म्हणाले, "गुरुदास, खऱ्या चुकीची एक खूण असते. जिथे चावा पडलाय, त्याच्या बरोब्बर समोरची कड फिकी उठते. तिथे दाबच पडत नाही. कापून फसवणारा फक्त चावा करतो, समोर बघतच नाही."

मी हूं हूं करत जेवलो. घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून समोरची कडही घासून फिकी करायला लागलो. विशाल खूश झाला.

या जूनमध्ये भावोजी सकाळच्या बसने माझ्याकडे आले. येताना पोदेराकडचे गरम उंडे पाव घेऊन आले होते. खिशातून कागदाची पुडी काढली, आत चावा पडलेलं नाणं. म्हापशात मिळालं म्हणाले. "समोरची कड बघा, फिकी आहे ना? पुण्याचा एकजण मागतोय. पण धातूतलं तुम्हाला कळतं. तुम्ही हो म्हणालात तरच देईन."

मी बघितलंसुद्धा नाही, नुसता अंगठा फिरवला. आमच्या फोरमनने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कापलेल्या कडेची धार मोडल्याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही, नाहीतर घेणाऱ्याचा हात कापतो. वरून एकदा हलकी कानस, खालून एकदा. नाण्यांवरही माझा हात तसाच फिरत होता, माझ्या लक्षातही येत नव्हतं. टाकसाळीत हे कोण करत बसणार? ते माझंच काम होतं.

मी म्हटलं, "अस्सल आहे."

खोटं म्हटलं असतं तर कशावरून ओळखलं, ते सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी, शालू. माझी लाज राहावी म्हणून. ते चहा अर्धा टाकून हसत बस पकडायला धावले.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. पुण्याच्या माणसाने तपासून घेतलं, तक्रार केली. तुमच्या घरात पोलिसांना भिंग, तराजू आणि बारीक कानस सापडली, आणि नाणी करणारे तेच ठरले. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "मीच बघितलं, मीच चुकलो," एवढंच म्हणत राहिले. तू रडत रडत मला हे सांगितलंस आणि मी पुन्हा तेच म्हटलं, देव बघतोय. चार दिवसांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला.

उद्या सकाळी पोलिसांकडे जातोय. कानस, अर्धवट राहिलेली सहा नाणी आणि विशालचा नंबर पिशवीत घातलाय. गंगाला मघाशी सांगितलं. ती तेव्हापासून मागच्या पायरीवर बसून आहे, दिवा लावायलाही उठली नाही. मला सोडवायला कोणी यायचं नाही, तूही नको.

पाकिटात एक नाणं ठेवलंय. भावोजींचा उजवा हात चालत नाही, तर डाव्या हाताचा अंगठा धर आणि चाव्याच्या कडेवरून फिरव. कुठेही बोचणार नाही. मग सांग, हे गुरुदासचं काम. त्यांना कळेल. त्यांनी हात ओढून घेतला तर पुन्हा धरू नकोस.

दादा असं आता लिहवत नाही, म्हणून नुसता
गुरुदास