डावी पोटरी

सोमवार, ३ मार्च
बावीस वर्षं लोकांची अंगं रगडली, आणि आज कळलं की मला मालिश येत नाही. दवाखान्याचा नवा नियम — ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने महिनाअखेर घरी बसायचं. प्रमाणपत्र देणार कोण, तर आमचे दादा. सख्खा भाऊ. वर्गात त्याला 'सर' म्हणायचं.

बुधवार, ५ मार्च
पहिला तास: मालिशीचा उगम. दादाने पडद्यावर दगडी शिल्पं दाखवली, पोथ्या दाखवल्या, कुठलेसे दाढीवाले परदेशी वैद्य दाखवले. हजारो वर्षं भराभर ओलांडली. फक्त बाबांपर्यंत यायला वेळ पुरला नाही. ओल्या वाळूच्या पिशवीवर अंगठा कसा दाबायचा, हे त्यांनी आम्हा दोघांना एकाच चटईवर शिकवलं होतं.

शुक्रवार, ७ मार्च
आधी हलका हात फिरवायचा, मग मळायचं, मग घासायचं, शेवटी थोपटायचं. दादाने याचं नाव ठेवलंय 'माझी चार पायऱ्यांची पद्धत'. बाबा याला नुसतं 'काम' म्हणायचे.
विचारलंच, "सर, ही पद्धत तुम्हाला सुचली कधी?"
"ताई, शंका शेवटी."
ताई! धाकट्या बहिणीला.

मंगळवार, ११ मार्च
परीक्षा. सर स्वतः पालथे झोपले. ज्याने त्याने त्यांच्यावरच करून दाखवायचं. माझ्या वाट्याला पाय आले.
उजवा झाला. डाव्या पोटरीवर हात ठेवला — गरम, टणक, उजवीपेक्षा जाड. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: एकच पोटरी अशी लागली तर हात उचलायचा, माणसाला तडक डॉक्टरकडे धाडायचं. आत रक्ताची गुठळी असली तर चोळल्याने सुटते आणि वर फुप्फुसात जाते.
हात उचलला.
"का थांबलात?"
"अंगठा दुखतोय."
"आणि म्हणे बावीस वर्षांचा अनुभव." वर्ग हसला. "चला, पुढे कोण?"
पुढच्या बाई आल्या. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी ती पोटरी मळली. मी हाताचं तेल पुसत बघत राहिले. म्हटलं, निकाल लागू दे. मग सांगते, सरांना स्वतःचाच पाय वाचता येत नाही ते.

बुधवार, १२ मार्च
नापास. शेरा: 'हातात आत्मविश्वास नाही.' उत्तर तयार आहे. शुक्रवारी, सगळ्या वर्गासमोर.

शुक्रवार, १४ मार्च
वर्ग भरला नाही. सकाळी जिना चढताना दादाचा श्वास अडकला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.
वहिनी माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मंगळवारीच तुझा हात लागला होता गं त्यांना. काही जाणवलं नव्हतं का?"
मी नाही म्हणाले.