बावीस जाकिटं आणि बिनतारी वीज

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर सांभाळून वाक, असं तुम्ही लगेच म्हणाल. सांभाळूनच वाकले आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून खालूनच वरच्यांना हाका मारता? यजमानांचा खोकला त्यांना सोडून गेला असेल, आणि नसेल तर त्यांनीच आता त्याला सोडावं, असा माझा निरोप द्या. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. हा शब्द मी विचारपूर्वक लिहिलाय, पंधरवड्यापूर्वी तो लिहायची हिंमत झाली नसती. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण मी तुमच्याशी बोलायला लागले की तुमचे बंधू हल्ली शेजारी बसून माझी वाक्यं पूर्ण करतात, आणि ती भलतीकडेच जातात.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, माझा भाऊ बोलतो का. मी उत्तर द्यायचं टाळलं. खरं म्हणजे आगारातून निवृत्त झाल्यापासून आठ महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. तीस वर्षं बसगाड्यांच्या वायरी जोडलेला माणूस, पण स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की चर्रर्र आवाज यायचा, तरी उठले नाहीत. विचारलं तर "हं", न विचारलं तरी "हं". हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलून दिली होती. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही पहिल्या गाडीने आला असतात, त्या गुडघ्यासकट, म्हणून गप्प बसले.

तर झालं असं. गायनवर्गाच्या बाईंनी त्यांच्या बावीस गायिकांसाठी एकसारखी बिनबाह्यांची जाकिटं शिवायला दिली. मापं घ्यायला मी त्यांच्या तालमीच्या खोलीत गेले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात समोरचीचा खांदा, आणि तोंडात टाचण्या. लिहिणार कशानं? म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मुद्रित करायला लावला आणि मापं मोठ्यानं बोलत गेले. (टाचण्यांमुळे "अडतीस"चं "अतीत" होत होतं, पण माझं मला कळतं.) माझ्या हुशारीवर खूश होऊन घरी आले, फोन चार्जिंगला लावून झोपले. सकाळी बघते तर फोन मेलेला. त्याच्या बुडाच्या भोकात खडूची पूड आणि दोऱ्यांची लव गच्च बसली होती, वायर आत जातच नव्हती. आता शिंपिणीच्या हाताशी काय असतं? मी सुई घातली. वन्सं, जन्मभर लोकांचं उसवलेलं शिवत आले, पण ही सुई नको तिथं घातली. आतून मोहरीएवढं काहीतरी कट्कन मोडून बाहेर पडलं.

बावीस जणींची मापं त्या बंद डबीत, आणि कार्यक्रम नऊ दिवसांवर. पुन्हा मापं मागायला कोणत्या तोंडानं जाऊ? मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून चक्क रडले. आणि तुमचे बंधू उठले. फोन उचलला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवालीकडे गेले. तासाभरानं आले ते तणतणतच. तिनं सांगितलं होतं, मोडलेला भाग मागवायला दहा-बारा दिवस लागतील, पण तुमचा फोन वायरीशिवायही चार्ज होतो, ही चकती घेऊन जा, वर फोन ठेवला की झालं. दुकानातच लावून दाखवते म्हणाली, तर ह्यांचा अपमान झाला. तीस वर्षांचा वायरमन मी, मला काय दाखवतेस! घरी येऊन मला ऐकवलं, वायरीशिवाय वीज फक्त आभाळातून येते, आणि तीही पडते. मग त्यांनी खोका उघडला. चकतीच्या खालून चांगली हातभर वायर निघाली. वन्सं, काय सांगू! बिनतारी चार्जरला तार आहे, म्हणून हा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आठ महिन्यांनी. मी रडत होते ते विसरून त्यांच्याकडे बघत बसले.

हसू दहाच मिनिटं टिकलं. फोन ठेवला की चकतीचा दिवा लाल व्हायचा, उघडझाप करायचा, आणि चकती तापायची, फोन मात्र थंड. मग त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. आधी भिंतीतल्या वीजपुरवठ्यावर संशय, म्हणून बटणांची पाटी उघडली. मग स्वयंपाकघरातली. मग न्हाणीघरातली, तिचा तर काहीच गुन्हा नव्हता. (जाता जाता ते चर्रर्र करणारं बटण नीट झालं.) अख्खा दिवस घराच्या भिंतींची आतडी बाहेर. अपराधी निघाली फोनच्या कव्हरमागची लोखंडी पट्टी. शिवताना फोन डोळ्यांसमोर राहावा म्हणून तो मशीनवरच्या चुंबकाला चिकटवायला मीच ती लावली होती. ती काढली, फोन ठेवला, आणि काळ्या काचेवर बॅटरीचं इवलं चित्र उगवलं. आम्ही श्वास धरून उभे. एक टक्का. दोन टक्के. फोन सुरू झाला, आणि त्याच क्षणी तुमचा फोन आला. थरथर करत यंत्र चकतीवरून चालू लागलं, कडेवरून खाली टेकलं आणि पुन्हा मेलं. राग मानू नका, पण त्या वेळी मी तुम्हाला काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता कोणीही चकतीला दोन पुस्तकांचा टेकू दिला असता. पण हे पेटून उठले होते. म्हणाले, ही जागाच पक्की करतो. माझ्या कापणीच्या टेबलाला खालून खोबण कोरायची, चकती आत बसवायची, वरून लाकडाचा पातळ पापुद्रा, त्याभोवती फोन सरकू नये म्हणून कड. पहिली खोबण कोरता कोरता आरपार गेली. तिच्यातून आता फरशी छान दिसते. दुसरी नीट झाली, पण चकतीचा दिवा टेबलाखाली गेला, म्हणजे वरून काहीच कळेना. म्हणून हे टेबलाखाली उताणे झोपले, आणि मी वर फोन सरकवत राहिले.

"डावीकडे घे. अगं डावीकडे!"

"अहो, घेतला की डावीकडे."

"तुझ्या नव्हे, माझ्या!"

इतक्यात कुरिअरवाला दारात आला. त्याला टेबलाखालून आवाज ऐकू आला, मी टेबलाशी भांडताना दिसले, आणि सही न घेताच तो पाकीट ठेवून गेला. शेवटी खालून आवाज आला, "हिरवा!" उठण्याच्या घाईत त्यांनी टेबलाला डोकं आपटलं, पण फोन हलला नाही. मी तिथंच टेबलाला कवटाळून बसले.

तासाभरानं मापं ऐकली. मी ऐकून सांगत होते, हे आगारातल्या बिघाडाच्या नोंदीसारखे लिहीत होते: क्रमांक सात, खांदा साडेचौदा, डावीकडे किंचित उतार. जाकिटं वेळेत झाली, बावीसच्या बावीस बसली, कार्यक्रमात टाळ्या गाण्याला मिळाल्या की जाकिटांना, हे मी विचारलं नाही. आणि ती दुरुस्तीवाली आता टेबलांना असल्या खोबणी हव्या असलेली गिऱ्हाइकं ह्यांच्याकडे पाठवते. खिडकीजवळच्या खुर्चीवर सध्या लाकडाचा भुसा आहे. मला जरा मोकळा श्वास घेता येतोय, तुम्हीही घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे राहू दिली. फोन मेला त्याच दिवशी दुपारी, हे न्हाणीघराच्या भिंतीत हात घालून उभे असताना, गायनवर्गाच्या बाई येऊन गेल्या. मी मापं बोलत होते तेव्हा त्या शेजारी बसून ती कागदावर उतरवत होत्या, तो कागद मला दिला. बावीसही जणींची मापं! मी कागद घेतला, बाईंना दारातूनच वाटेला लावलं, आणि कात्र्यांच्या खणात लपवला. न्हाणीघरातून शीळ ऐकू येत होती हो. कशी सांगणार होते?

ता. ता. क. : तर माझं खरं काम असं की रविवारी ते तुम्हाला फोन करून हे सगळं सांगणार आहेत, तासभर तरी. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका. मध्ये मध्ये "मग रे?" म्हणा. कागदाचा शब्द काढू नका.

पाकीट चिकटवण्याआधी : आत्ता तो कागद फाडून टाकायला खण उघडला. प्रत्येक मापापुढे पेन्सिलीची बारीक खूण आहे, आणि दोन आकडे खोडून बरोबर केलेत. अक्षर आगारातलं, ह्यांचं. वन्सं, मला हे कळलंय असं त्यांनाही तुम्ही सांगू नका.