दाढ, गच्ची आणि कड

४ मार्च
दाढ भरून घेतली. डॉक्टरीणबाई बजावत होत्या, भरलेल्या दाढेच्या कडा नीट घासा, सहा महिन्यांनी दाखवायला या. मान डोलावली. गच्च्यांच्या भेगा बुजवण्यात माझी हयात गेली, त्या मला शिकवणार. बाईंच्या छताला गळती आहे, खुर्चीच्या बरोब्बर वर. काम मलाच मिळालं.

५ मार्च
संकल्प : आजपासून ब्रश फक्त खऱ्या दातांना. भरलेल्या दाढेत किडण्यासारखं राहिलंय काय? वेळही वाचेल. बायकोनं विचारलं, वाचलेल्या वेळात काय करणार. तिला दूरदृष्टी नाही.

१२ मार्च
बाईंच्या गच्चीवर टाकीखाली पॅच मारला. आरशासारखा गुळगुळीत. कडा खरवडून साफ करायच्या राहिल्या, पण तिथं वाकून बघतंय कोण? आजन्म गॅरंटी दिली. तोंडी.

२० जून
भरलेल्या दाढेवर मूठभर शेंगदाणे फोडले. दणकट काम.

९ सप्टेंबर
तपासणीला या, असा बाईंचा मेसेज. धंदा वाढवायच्या युक्त्या. मीही गिऱ्हाइकांना असे मेसेज पाठवावेत का? नको. लोक उगाच गळती शोधत बसतील.

२ नोव्हेंबर
गार पाणी दाढेला लागतं. फ्रिजचा दोष. फ्रिज कमीवर केला.

८ नोव्हेंबर
चहाही लागतो. तो फ्रिजमध्ये नव्हता. डावीकडून जेवायला लागलो. त्या बाजूकडे आजवर फार दुर्लक्ष झालं होतं.

१४ नोव्हेंबर
बाईंचा फोन, छत पुन्हा गळतंय. जाऊन पाहिलं. खुर्चीवर चक्क छत्री बांधलीय. काही लोकांना तमाशाच करायचा असतो. माझा पॅच जसाच्या तसा. ठणकावून सांगितलं, "पॅच शाबूत आहे. पाणी कडेनं शिरतंय, त्याला मी काय करू?" बाई छत्री सरळ करायला वळल्या. मुद्दा पटला असणार. येताना दाढेतून सणसणीत कळ गेली. जास्त बोललो म्हणून असेल.

१५ नोव्हेंबर
गाल सुजलाय. बायकोला म्हटलं, वजन वाढलंय. ती म्हणाली, एकाच बाजूनं?
खरं लिहितो, भीती वाटते. वडिलांची कवळी पेल्यात ठेवलेली असायची. लहानपणी मी चुकून त्यातलं पाणी प्यालो होतो. तसला पेला माझ्या उशाशी नको. दाढ वाचायला हवी.

१६ नोव्हेंबर
बायकोनं दंडाला धरून नेलं. एक्स-रे निघाला. बाईंनी तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भरलेलं शाबूत आहे. कीड कडेनं शिरलीय. त्याला मी काय करू?"
बायको हसली. माझ्या बाजूची असून.
दाढ वाचेल का, असं कसंबसं विचारलं. म्हणाल्या, जुनं सगळं काढावं लागेल, मुळापर्यंत साफ करावं लागेल, कडा खरवडाव्या लागतील. मग बघू. गच्चीचंही तसंच करा, उद्यापासून.
मान डोलावली. या खेपेला मनापासून.
आडवा झालो. खुर्चीवरची छत्री आज काढून ठेवली होती. वर छत, माझ्या पॅचखाली मधोमध अगदी कोरडं. कडेला एक थेंब जमत होता. बाईंनी सांगितलं होतं, मी म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही.