कॅमेऱ्यामागचा पसारा

माझ्या प्रिय ठमे,

फोन असताना आईने पत्र कशाला लिहिलं, म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते. गुडघ्याचं ऑपरेशन तुझ्याकडे येऊन करायचं आणि नंतर तिथेच राहायचं, हा तुझा हट्ट मी आजवर तीनदा मोडून काढला. डॉक्टर म्हणतात, आणखी सहा महिने लांबवलंत तर चालणं विसरा. तरी मी आपली नाहीच म्हणत राहिले, आणि कारणही एकच, की तुम्हा दोघांच्या संसारात मी तिसरी कशाला? त्यावर तू दर वेळी सांगितलंस, की जावईबापूंचाही आग्रह आहे. शेवटी ऑफिसातून तो चारी बाजूंचा गोल फोटो काढणारा कॅमेरा मागून आणलास, घरभर फोटो काढलेस आणि पाठवून दिलेस. म्हणे, आई, तूच फिरून बघ तुझी खोली!

बाई गं, काय ते फिरणं! तीस वर्षं स्टुडिओ चालवला, पासपोर्ट फोटोंतले लोकांचे डाग, मुरमं, सुरकुत्या कॉम्प्युटरवर पुसल्या, माझा माउस कधी केसभर हलला नाही. पण तुझ्या फोटोंनी मला पार गरगरवून सोडलं. उजवीकडचं बघायचं म्हणून माउस उजवीकडे ओढला, तर खोली डावीकडचं दाखवायला लागली. जरा वर ढकलावं म्हटलं, तर तुझ्या फरशीवर नाक टेकलं. जमिनीवरच्या बाणावर टिचकी मारली आणि थेट बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, दार न वाजवता. खिडकीखाली काय दिसतंय ते बघायला मी खुर्चीत बसल्या बसल्या मान लांब केली, आणि मग माझं मलाच हसू आलं. तासाभराने हात बसला. मग मात्र मी सावकाश, एकेक भिंत बघत फिरले.

खोली फार सुंदर केली आहेस. पलंग खिडकीला लावलास, उंच बैठकीची खुर्ची आणलीस, बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडा बसवून घेतलास. दांड्याची उंचीसुद्धा बरोबर माझ्या हाताची! मी मागच्या वेळी आले होते तेव्हा कधी मोजलीस, लबाडे? डोळे भरून आले. तेव्हाच म्हणणार होते, की येते. पण मग काहीतरी नजरेला टोचत राहतं ना, तसं झालं. खोली जरा जास्तच नीटनेटकी होती, आणि मी तुला ओळखते.

आपल्या स्टुडिओत तुला मी काय शिकवलं होतं आठव. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की समोरचं तेवढं चकाचक, बाकी सगळं ढकल कॅमेऱ्याच्या मागे. तुझं दप्तर, माझा डबा, मोडलेली छत्री, पडद्यांच्या गुंडाळ्या, सगळं माझ्या पाठीशी. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून हे काम तुझं. मी नुसती मान हलवायची, की तू भराभरा पसारा ओढून मागे न्यायचीस. फोटोत आपला स्टुडिओ कसा राजवाड्यासारखा दिसायचा! ती सवय तुझ्या हाडात मुरली आहे गं. पण वेडाबाई, या कॅमेऱ्याला पाठ नसते. तो सगळीकडे बघतो. मी माउस धरून खोलीला पाठमोरी झाले आणि तुझा सगळा पसारा माझ्यासमोर आला.

दाराजवळ दोरीने बांधलेली चार खोकी. माउसचं चाक फिरवून, मोठं करून वाचलं. तुझंच अक्षर. ‘त्याचे बूट’, ‘त्याची पुस्तकं’, ‘त्याचे हिवाळ्याचे कपडे’. चौथ्यावर काहीच नव्हतं. बाणावरून बाहेरच्या खोलीत आले, तर कपाटाशेजारी एक फ्रेम भिंतीकडे तोंड करून उभी. फ्रेमच्या पाठीवरचा माझ्याच स्टुडिओचा शिक्का मी ओळखणार नाही होय? तुमच्या लग्नाचा तो फोटो मीच काढला होता. बाथरूममध्ये पुन्हा जाऊन आले. एकच ब्रश.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू? आईला सांगायला काय धाड भरली होती, असं म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला. मग चहा करायला उठले आणि गॅसपाशीच रडले. चहा उतू गेला. एवढं सगळं एकटीने बांधलंस, दोऱ्या आवळल्यास, आणि रोज संध्याकाळी मला फोन करून विचारलंस, की आई, गोळी घेतलीस का?

मग पुन्हा उघडलं. कपाटाच्या आरशात तू दिसलीस. सोफ्यामागे उकिडवी बसली होतीस, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. केस कापलेस ते सांगितलं नाहीस. वाळली आहेस. पण तोंडावर हात दाबून हसत होतीस, स्वतःच्याच लपाछपीला. ते हसणं बघून माझा जीव भांड्यात पडला. माझ्या हातून हजारो चेहरे गेलेत, कुठलं हसू ओढूनताणून आणलेलं आणि कुठलं खरं, ते मला कळतं. तू सावरते आहेस, ठमे.

आता माझं ऐक, कारण हे फोनवर मला जमलं नसतं. मी रोज स्टुडिओ उघडते असं तुला सांगते, ते खोटं आहे. दोन महिन्यांपूर्वी मी जिन्यात पडले, त्यानंतर एकदाच खाली उतरले आहे. शेजारीण मदतीला येते असंही मी तुला सांगते, ती तर केव्हाच घर बदलून गेली. तेव्हा कोण कुणाला फसवतंय यावर आपण भांडायला नको, दोघी सारख्याच आहोत. मी येते आहे, ऑपरेशनपुरती नव्हे, राहायला. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. स्टेशनवर एकटीच ये, आणि जावई का आले नाहीत याचं कारण वाटेत जुळवत बसू नकोस. मी विचारणार नाही.

तुझीच, सामान बांधायला बसलेली,
आई