चौसष्ट मुलं आणि त्यांचं गाव

भांडुप (पश्चिम)
दि. ८ जानेवारी

तीर्थस्वरूप भाऊरावमामांस,

जयंतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात, सुटली की उरलेला घालीन). तुमचा खोकला कसा आहे? प्रेमामामी फोनवर म्हणाली की काढा पितो असं सांगून तुम्ही तो परसातल्या अळूला घालता, आणि अळू भलतंच माजलंय. आम्ही इकडे खुशाल. पत्र नुसतं ख्यालीखुशालीचं आहे, माझं काही काम नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही निवांत वाचाल.

तर आमच्या शाळेला दिवाळीनंतर वरच्या कार्यालयाचं एक पत्र आलं. नववी-दहावीचे वर्ग जूनपासून रेल्वे लाइनीपलीकडच्या शाळेत हलवायचे, कारण पटावरची मुलं या परिसरात राहतच नाहीत असा साहेबांना दाट संशय. राहत असतील तर पुरावा आणा. मामा, ही चौसष्ट मुलं शाळेमागच्या टेकडीवर राहतात. त्यांचे वाळत घातलेले युनिफॉर्म आमच्या खिडकीतून दिसतात, पण साहेबांना खिडकी चालत नाही. नववीतल्या दिशाच्या आईने तर येऊन सांगितलं, "मॅडम, लाइन ओलांडून आमी नाय पाठवणार. शिकली तेवढी बस झाली." दिशा माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. मला एवढा राग आला की मी त्या दिवशी भूमितीच्या तासाला बीजगणित शिकवलं आणि कुणी बोलायची हिंमत केली नाही.

मुख्याध्यापक धोंडिराम सरांनी लगेच एक अर्ज लिहिला. त्यात चार वेळा 'नम्र विनंती' होती. मी म्हटलं, सर, अर्ज नको. सांख्यिकी पुस्तकात आहेच (दरवर्षी फेब्रुवारीत 'परीक्षेला येणार तेवढंच बघा' म्हणून उरकतो ती), तर मुलंच माहिती गोळा करतील, मुलंच संगणकावर प्रोग्राम लिहितील आणि प्रत्येक घराचा ठिपका नकाशावर टाकतील. प्रोग्राम लिहिणं मी सुट्टीत आमच्या अनयकडून शिकले. लहानपणी पाढे शिकवताना मी त्याच्यावर जेवढी ओरडले होते, तेवढं सगळं त्याने या सुट्टीत वसूल केलं. शाळेत संगणक सहा, चालू चार, त्यातला एक थोपटल्यावर. पण मी मागे हटणार नव्हते.

पहिला प्रश्न ठेवला, घरून शाळेत यायला किती वेळ लागतो? मुलांनी उत्तरं भरली, दिशा आणि तिच्याच वर्गातल्या स्वरदाने प्रोग्राम चालवला. बहुलक पाच मिनिटं, मध्यकही पाच मिनिटं. टेकडीच्या पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला राहणाराही पाच मिनिटं. मला आधी वाटलं प्रोग्राम चुकला. मग ध्यानात आलं, आपल्या मुंबईत 'पाच मिनिटं' हे वेळेचं माप नाही, ती एक सवय आहे. माणूस आंघोळीला जायचा असतो आणि फोनवर सांगतो, पाच मिनिटांत पोचतो. मग मुलांना हातात घड्याळ धरून चालायला लावलं, तेव्हा मध्यक अठरावर गेला. लाइनीपलीकडची शाळा त्यापुढे आणखी अर्धा तास. मुलांनी तो आकडा फळ्यावर मोठ्ठा लिहिला. आपलं चालणं त्यांनी पहिल्यांदाच मोजलं होतं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि लगोलग साहेबांकडे जायची तारीख मागून घेतली. इथेच वाट लागली.

नकाशाची चाचणी आम्ही दहा नावांवर घेतली होती, आणि ती दहाही नावं मी घरी बसून मनानेच भरलेली (नमुना कसा निवडू नये हे पुढच्या वर्षी मी स्वतःच्याच उदाहरणावरून शिकवणार आहे). मुलांनी घरून भरून आणलेले खरे फॉर्म भेटीच्या आदल्या दिवशी हाती आले. पुढच्या सकाळी साहेबांसमोर धोंडिराम सर कोट घालून बसलेले. मी छोटंसं भाषण केलं आणि दिशाने बटण दाबलं. नकाशावर भांडुप आलं आणि तसंच कोरडं राहिलं. मग नकाशा आपोआप खाली सरकला, पनवेल गेलं, महाड गेलं, आणि चौसष्ट ठिपके रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत टपाटप उमटले. फॉर्मवर मी रकाना केला होता 'गाव'. आता आपल्या माणसाला गाव विचारलं तर तो भांडुप सांगेल का? ज्यांनी कोकण फक्त मे महिन्यात पाहिलंय, त्यांनीही वाडीसकट लिहून दिलं होतं.

साहेबांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाले, "मॅडम, ही मुलं रोज देवगडवरून येतात?" धोंडिराम सर पाणी प्यायले. दिशा मात्र घाबरली नाही. "सर, घर इथंच आहे, पण गाव म्हटलं की गावच सांगणार ना," म्हणाली. साहेब हसले, कारण एक ठिपका त्यांच्याच गावाशेजारच्या वाडीतला निघाला. पुढची दहा मिनिटं तिथल्या जत्रेच्या गप्पांत गेली. पण शेवटी कागद कागदच. वीस तारखेला बरोबर नकाशा घेऊन या, नाहीतर वर्ग हलतील, असं त्यांनी सांगितलं.

मी हट्टाला पेटले. रविवारी प्रत्येक मुलाला स्वतःच्या दारात फोन घेऊन उभं केलं आणि तिथले अक्षांश-रेखांश टिपायला लावले. आता चौसष्टच्या चौसष्ट ठिपके टेकडीवर आहेत. काम फत्ते समजा. मला कुणाची मदत लागली नाही आणि लागणारही नाही. मामीला नमस्कार. काढा प्या.

तुमची भाची,
जयंती

ता. क. – एक बारीकशी अडचण राहिली आहे. प्रत्येक ठिपक्याशी कागदोपत्री पत्ता जुळायला हवा. तेहतीस पत्ते जुळले. एकतीस पत्ते चाळींच्या जुन्या नावांचे आहेत, आणि ती नावं आता कुणालाच माहीत नाहीत. कदम चाळ तर तीन निघाल्या. वस्ती पाठ असलेल्या माणसाने घर दाखवून सही केली तर चालेल, असं साहेब म्हणतात. तुम्ही त्या टेकडीवर बत्तीस वर्षं टपाल वाटलंत. दुसरा असा माणूस मला माहीत नाही, आणि मी शोधलाही नाही.

ता. क. २ – तुमचं सतरा तारखेचं इकडे यायचं बसचं तिकीट काढलं आहे. पायऱ्या चढायच्या नाहीत, असं मामीला सांगितलंय. तुम्हाला खरं सांगते, चढाव्या लागतील. त्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही ही निवृत्तीच्या दिवशी तुम्ही घेतलेली शपथ मला आठवते, तरीही लिहिते आहे.

ता. क. ३ – मुलींनी मला न विचारता तक्त्यात एक नवा रकाना वाढवला आहे. त्याचं नाव त्यांनी 'मामा' ठेवलंय. त्यात एकतीस जागा रिकाम्या आहेत, आणि पहिली दिशाची आहे.