बीजींची अरदास

काउंटी जेल, कॅलिफोर्निया
१२ फेब्रुवारी २०२५

चि. किरपाल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हाती यायला महिना लागला. इथं मराठी कुणाला येत नाही, म्हणून ते आधी तपासणीसाठी दुभाष्याकडे जातं. तेव्हा माझी बदनामी जरा बेतानं करत जा. तब्येत बरी आहे. फ्रीमाँटच्या गुरुद्वाऱ्यातली माणसं भेटून जातात. माझा ट्रक सध्या त्यांच्यातलाच एक जण चालवतो.

मला भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे जज एप्रिलमध्ये ठरवतील. नांदेडच्या घरी ज्या दोघांना मी झोपायला जागा दिली, त्यांनी स्फोट घडवला आणि मी त्यांचा साथीदार, असा आरोप आहे. मी त्यांना काही विचारलं नाही, एवढंच मला माहीत. वकीलबाई म्हणतात, तिकडे नेलं तर तुरुंगाबाहेर येणं कठीण.

गंमत बघ, दर गुरुपुरबला बीजी अरदास करवतात की मुलगा घरी येऊ दे. सरकारी वकीलही तेच मागतोय. बीजींनी निदान माझ्या बाजूनं तरी बोलावं.

थोरल्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा वीरजी,
महिताब

नांदेड
९ मार्च २०२५

ती. वीरजींस,
पैरीपैना. वि. वि.

तुमचं पत्र नेहमीसारखं बीजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी स्वतः वाचायला हवं होतं. तुमची थट्टा तोंडातून निघून गेली. त्या आजवर समजत होत्या की व्हिसाच्या कागदांचा घोळ आहे, मिटला की याल. मग त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं.

रविवारी त्यांनी गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्या ग्रंथींना अरदास बदलून सांगितली. महिताब जिथं आहे तिथंच राहू दे, असं मागा म्हणाल्या. ग्रंथींनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मी शेजारीच हात जोडून उभी होते, पण माझ्याच्यानं ते मागवेना. इथल्या तुरुंगात तर तुरुंगात, मी भाकरीचा डबा घेऊन आले असते. तुम्ही दिसला तरी असता. रागावू नका.

आठवण ठेवा, एवढंच मागणं.
तुमची,
किरपाल

फ्रीमाँट
३ मे २०२५

चि. किरपाल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जजनी भारताची मागणी फेटाळली. परवा सुटलो. गुरुद्वाऱ्यात सगळ्यांनी मिठ्या मारल्या, लंगरला आग्रहानं बसवलं. वकीलबाई सांगतात, आता इथंच राहायचं. भारतात उतरलो की विमानतळावरच पकडतील. आणि बीजींना या वयात एवढा प्रवास झेपणार नाही, हे तूच मागे लिहिलं होतंस.

बीजींना सांग, इतकी वर्षं मागितलं ते मिळालं नाही, हे एकदाच मागितलं आणि मिळालं. त्यांच्या पाया पडतो.

तुझं पत्र निकालाच्या आधी पोचलं होतं. जज निकाल वाचत होते तेव्हा मी मनात तुझंच मागणं मागत होतो, तिकडे पाठवा म्हणून. हे बीजींना कळू देऊ नकोस.

जशी आहेस तशीच माझी राहा.
तुझा वीरजी,
महिताब