नंदाला आणायला शॉकअप कोणते

८ नोव्हें. ९८, रवि.
नंदाचं पत्र. हरसूलच्या पलीकडून पोचायला चार दिवस लागले. नेहमीसारखी एकेकाची विचारपूस. आईची कंबर कशी आहे, अण्णा तुमची साखर तपासली का, मामाचा गुडघा, शेजारच्या काकूंना ऑपरेशननंतर दिसायला लागलं का. अगदी शेवटी, जागा उरली नव्हती तिथे आडवं लिहून: जीप बरी आहे का?
स्वतःचं एका ओळीत. सातवा लागला, बरी आहे.
सातव्यातच माहेरी आणायची, आठव्यात हलवत नाहीत. म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे. तिच्या गावापासून हरसूलपर्यंत नऊ कि.मी. एसटी नाही, नुसते दगड. जीपच न्यावी लागणार.

९ नोव्हें., सोम.
जीपचा मागचा कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन थांबायला हवी. पाच वेळा डुलली. खाली वाकून पाहिलं, धक्के शोषणारे दोन्ही शॉकअप तेलानं माखलेले. कधीपासून गळतायत कोण जाणे. गेल्या वर्षी दसऱ्याला तिला आणलं तेव्हाही असेच असतील तर...
तेव्हा तिसरा महिना होता. घरी पोचली आणि दोन दिवसांनी सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवासानं असं होत नसतं. मी मान हलवली. पटलं नाही. अजून नाही. परत जाताना नंदा एसटीनं गेली, पुढे जावयांच्या मोटरसायकलवर. म्हणाली, तुम्हाला कशाला त्रास.

११ नोव्हें., बुध.
सातपूरला सलीमच्या गॅरेजवर. मी कारखान्यात लेथवर होतो तेव्हापासूनची ओळख. तो म्हणतो, तेलाचे घ्या, मऊ चालतात. गॅसचे लावले की रिकामी गाडी बकरीसारखी उडते. दोन गाळे सोडून दुकान आहे, तो दुकानदार म्हणतो, गॅसचेच घ्या. लागोपाठ खड्डे आले की आतल्या तेलाला फेस येतो, मग जोर राहत नाही.
सलीम बोलत होता तेव्हा सलीमचं पटलं. दुकानदार बोलत होता तेव्हा त्याचं. दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं आणली. दोन्हींत आलेख आहे. दोन्हींत आपापली रेघ वर.

१५ नोव्हें., रवि.
दिंडोरीहून मेहुणे आले. द्राक्षाचे क्रेट वाहून वाहून त्यांना गाडीतलं कळतं. म्हणाले, "लय डोकं नका लावू दाजी. शॉकअप राहू द्या, मागच्या स्प्रिंगचा एक पाटा काढा. गाडी पाळण्यावानी चालती."
पाळण्यावानी म्हणाले आणि जीभ चावली. हिनं चहाचे कप उचलले.
आता तीन मतं झाली.

१८ नोव्हें., बुध.
मला एक युक्ती सुचली. दुकानदार जोडीच देतो. दोन जोड्या आणल्या, न पटलेली परत द्यायच्या बोलीवर. डाव्या चाकाला गॅसचा लावला, उजव्याला तेलाचा. मागच्या दोन्ही बाकांवर सारखे तांबे काठोकाठ भरून दोरीनं बांधले. धरणाकडच्या कच्च्या रस्त्यानं निघालो. ज्या बाजूचं पाणी कमी सांडेल तो शॉकअप चांगला. एवढं सरळ.
रिकामी गाडी. गॅस दोन बोटं, तेल एक बोट. म्हणजे तेल.
तांदळाची चार पोती टाकून. गॅस अर्धं बोट, तेल तीन बोटं. म्हणजे गॅस.
मग लक्षात आलं, उजवं चाक चाकोरीत होतं, डावं सारखं कडेच्या दगडांवर. येताना उलटं. येतानाचे आकडे जाताना लिहिलेल्यांच्या खालीच लिहिले, कुठले कुठले ते आता मलाच लागत नाहीत.
शर्ट भिजला तो वेगळा.

२१ नोव्हें., शनि.
सलीमनं गाडी खालून पाहिली नि कपाळाला हात लावला. "काका, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. आणि विचारता, लंगडते का?" दोन्ही बाजूंना एकच लागतो म्हणे, नाहीतर एक दुसऱ्याला ओढतो. माझा सगळा हिशेब पाण्यात. चाळीस वर्षं लोखंडाशी खेळलो, आणि हे कळू नये.
शेवटी त्यानं विचारलं, गाडीत बसणार किती जण? एकटी पोरगी असेल तर तेलाचे. सासू, जावई, सामान, सगळं असेल तर गॅसचे.
मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हें., रवि.
शॉकअप अजून तसेच, दोन बाजूंना दोन. आज तांब्यांच्या जागी ही बसली. नको म्हटलं, तुझी कंबर. ऐकलं नाही. अर्धा तास डाव्या बाजूला, अर्धा उजव्या. उतरल्यावर विचारलं, कुठल्या बाजूला धक्के कमी?
म्हणाली, "तुम्ही दर खड्ड्याला मान वळवून माझ्याकडे बघता, मग पुढचा खड्डा चुकणार कसा?"
पुढे म्हणाली, "पंधरा दिवस झाले, शॉकअपचं सगळ्या गावाला विचारलंत. नंदाला विचारलंत का, ती या जीपमध्ये बसेल का म्हणून?"
मी पाना धुवायला घेतला. धुण्यासारखा नव्हता.

२४ नोव्हें., मंगळ.
सकाळपासून पत्र लिहितोय. दोन फाडली. पहिल्यात सगळं गॅस आणि तेल. दुसऱ्यात गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं लिहायला गेलो, तर पुढे काही सुचेना. तिसरं धाडलं, त्याची ही नक्कल.

चि. नंदास अनेक आशीर्वाद. आईची कंबर ठीक. माझी साखर जरा वर. मामा काठीशिवाय चालतो. काकूंना आता लांबचं दिसतं, जवळचं नाही. जीपचं विचारलंस. जीपला मागचे शॉकअप नवे घालायचेत, दोन जोड्या आणून ठेवल्यात. तू एकटी येणार की सासूबाई सोबत, ते कळव. पुढे बसणार की मागे, तेही. आणि या जीपमध्ये बसशील ना, ते आधी लिही. नाही म्हणालीस तर दुसरी गाडी बघीन, वाईट वाटून घेणार नाही. महिना संपत आला, तेव्हा मिळेल त्या टपालानं दोन ओळी टाक.

पेटीत टाकल्यावर आठवलं. वाईट वाटून घेणार नाही, हे खोटं लिहिलं.